बोलणं थांबू नये म्हणून

वर्गात कोणी अडखळलं की मॅडम खडू खाली ठेवत, खुर्चीवर टेकत आणि म्हणत, "सांग सावकाश. मले कुठं जायचंय?" दुपारनंतर उभं राहायचं त्राण तसंही त्यांच्यात उरत नसे. अशा दमलेल्या बाई तुम्हीही पाहिल्या असतील.

डोणगावजवळच्या आमच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवत, मी गणित. एआयशी त्यांचं वैर नव्हतं. स्वाध्याय त्या मोबाइलवरच काढून घेत. मग मधल्या सुट्टीत, डबा उघडा तसाच ठेवून, निम्मी वाक्यं खोडत. "हे पोरांले आज जमते. हे दिवाळीनंतर पाहू."

पुढं इंग्रजी बोलणं तपासणारं ॲप आलं. मुलांनी मोबाइलसमोर बोलायचं, ॲप देईल ते गुण धरायचे. सातवीतली एक मुलगी आपल्या म्हशीबद्दल बोलत होती. ती 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणायची. ॲपनं जवळजवळ प्रत्येक शब्द लाल केला. ती मध्येच थांबली, आणि नंतर वर्गात इंग्रजीचा एक शब्द बोलेना.

मॅडमनी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि तिला जवळ बसवलं.

"म्हशीचं अर्धंच राह्यलं. मंग काय झालं?"

तास संपला, पुढच्या गणिताच्या तासाला मी दारात आलो. मॅडमनी हातानंच मला थांबवलं.

"शी रन रोड," मुलगी पुटपुटली. "बस कम. आय क्राय."

"शी रॅन," मॅडम हळूच म्हणाल्या. तेवढंच सुधारलं, बाकी सगळं राहू दिलं.

गुण त्यांनी स्वतःचे दिले. मुख्याध्यापकांनी विचारलं, "मॅडम, ॲपपेक्षा जास्त कसे?"

"ती काय म्हणते ते मले कळलं, सर. उच्चार होतील. बोलणंच थांबलं तर मी सुधारू काय?"

दर परीक्षेला हेच सांगावं लागे. सांगताना त्यांचा आवाज चढत नसे, उलट दरवेळी थोडा खाली जाई.

एक दिवस त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. मला वाटलं, कंटाळल्या.

"कंटाळा तर आहेच, सर," त्या म्हणाल्या. "पण मागच्या बाकावरचं मले आता नीट आयकू येत नाही. कानात मशीन घातली, तरी शब्द सुटतात. अंदाजानं मार्क देणं बरं नाही."

त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. इंग्रजीच्या तासाला ॲप सुरू करून मीच बसतो. मुलं बोलतात, आणि बोलून झालं की माझ्याकडे पाठ करून, स्क्रीनवर कोणता रंग येतो ते बघत उभी राहतात.