लिंबाच्या शेंड्यापर्यंत

खुर्चीत बसण्याआधी मामा टेबलावर तळहात टेकवून उभे राहत. "थांबा, हालतंय का बघू द्या," एवढंच म्हणत. मग बसत, तेही दाराजवळच्याच कॉम्प्युटरवर. भूकंपानंतर आमच्याकडे अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

लातूरच्या ट्यूशनच्या गल्लीत एका बाईंचा कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथून वर्तमानपत्राला बातम्या पाठवत असे. दुपारी मुलं ट्यूशनला गेली की कॉम्प्युटर रिकामे पडत. त्या वेळात बाई वयस्कर माणसांना शिकवत. हे मामा समोरच्या वसतिगृहावर वॉचमन होते. मूळचे औसा तालुक्यातले. भूकंपात बायको आणि शाळकरी मुलगी गेली.

"मामा, बैलाची पाठ हाय का ती?" शेजारी बसणारे म्हातारे शिंपी, चाचा, एकदा म्हणाले. "टेबल हाय. उठून पळनार न्हाई."

"जमीन बी हालत न्हाई म्हनत व्हते, चाचा."

चाचा हसायला लागले आणि मध्येच थांबले.

बाकीच्यांना पुण्यातल्या मुलांना मेल पाठवायची असे. मामांना एक फोटो हवा होता. गावच्या शाळेत गुरुजींनी वर्गाचा फोटो काढला होता, त्यात त्यांची मुलगी होती. घरातली प्रत ढिगाऱ्यात गेली, शाळेतली शाळेबरोबर.

"तिचं तोंड इसरून राहिलो, बाई. इंटरनेटवर सगळं असतंय म्हनला व्हता तुमी."

बाईंनी वर्गात तसं सांगितलं होतं खरं. त्यांनी गावाचं नाव टाइप केलं.

गावाचे फोटो निघाले. सगळे भूकंपानंतरचे. त्याआधी त्या गावाचा फोटो काढायला बाहेरचं कुणी गेलंच नव्हतं.

एका फोटोत पडलेल्या भिंतींमागे कडुलिंबाचं झाड उभं होतं. "हे आमच्या दारातलं," मामा म्हणाले. "पोरीचा झोका ह्यालाच व्हता."

तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवर चाले. फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उतरे. आधी आभाळ, मग लिंबाचा शेंडा, मग फांद्या, शेवटी ढिगारा.

"मधीच थांबिवता येतंय का?" मामांनी विचारलं. बाईंनी बटण दाखवलं.

तेवढं एकच ते शिकले. फांद्या उतरल्या की बटण दाबत आणि झाडाखालच्या कोऱ्या जागेकडे बघत बसत. बोट उशिरा पडलं की भिंतीची कड दिसे. मग सगळं बंद करून पुन्हा पहिल्यापासून. बाई पुढचा धडा काढत. मामा म्हणत, "हाव, उद्या."

"दिसली का?" चाचांनी एकदा हळूच विचारलं.

"न्हाई अजून."

गल्लीत ट्यूशन वाढल्या. मुलांना इंटरनेट झटपट हवं होतं. बाईंनी नवी लाईन घेतली. चाचा लई खूश झाले. मामांनी तळहात टेकवला, बसले, फोटो उघडला. तो ढिगाऱ्यासकट एकदम आला. बोट बटणाच्या वरच राहिलं.

"बाई, ह्याला पैल्यासारखं हळू करता येतंय का?"

"नाही हो, मामा."

त्यांनी खुर्ची आत सरकवली आणि गेले. नंतर ते वसतिगृहाच्या फाटकाशी स्टुलावर बसलेले दिसत. चाचा हाक मारत, ते नुसता हात वर करत. पुढे त्या स्टुलावर दुसरा वॉचमन बसू लागला. मामा कुठे गेले, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

दाराजवळच्या कॉम्प्युटरवर आता ट्यूशनची मुलं बसतात. धावत येतात आणि टेबलाला हात न लावता बसतात.