फळ घाल, सल्ला राहू दे

आमच्या फ्रिजवर दीड महिना एक तक्ता लावलेला होता. वर तारखा, डावीकडे सकाळ, दुपार, संध्याकाळ, आणि प्रत्येक चौकोनात माझा ताण दहापैकी किती ते लिहायचं. नवरा नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. जे मोजता येतं ते सुधारता येतं अशी त्याची श्रद्धा आहे, आणि मशीनच्या सुट्या भागांपुरती ती खरीही असावी. पहिल्या संध्याकाळी मी सात लिहिलं. शेजारी 'कारण' असा रकाना होता, त्यात लिहिलं, 'हा तक्ता'.

त्याने ते गंभीरपणे वाचलं आणि विचारलं, "मग बेडरूममध्ये लावू का?"

तेव्हा मी सदतीस वर्षांची होते आणि लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दोघांच्याही सगळ्या तपासण्या करून झाल्या होत्या आणि दोष कुठेच सापडत नव्हता. असं ऐकून आनंद व्हावा, पण मूल न होण्याला कारण नसलं की ती जागा रिकामी राहत नाही. जो येईल तो आपलं कारण तिथे आणून ठेवतो. मार्चमध्ये आयव्हीएफचा पहिला प्रयत्न फसला. त्यानंतर दोन महिने मी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन पुस्तकांवर शिक्के मारायचे आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. रिक्षावाल्याला हॉस्पिटलचा रस्ता टाळून लांबून न्यायला सांगायचे, कारण ती पाटी दिसली की माझा जबडा आवळला जायचा.

हॉस्पिटलात आमचे दोन भ्रूण अजून गोठवून ठेवलेले होते. त्यांच्याबद्दल दर वर्षी एक फॉर्म भरून द्यावा लागतो. त्यावर तीन चौकोन असतात. जपून ठेवा. वापरायचे आहेत. नकोत. ऑक्टोबरअखेर खूण करून द्यायची होती. तो फॉर्म मी ग्रंथालयातल्या एका जाडजूड शब्दकोशात घालून ठेवला होता, कारण तो खंड माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

फॉर्म देताना डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या, "ताणामुळे मूल राहत नाही असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, तसं कुणालाच नीट माहीत नाही. पण ताणापायी लोक उपचार अर्ध्यात सोडतात, हे मात्र रोज बघते. तेवढ्यासाठी तो कमी करा."

यातले घरी पोचले ते शेवटचे दोन शब्द.

सासऱ्यांच्या मागे सासूबाई सटाण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी मोहीम हाती घेतली. मालिकेत भांडण सुरू झालं की टीव्ही बंद. कुकरची शिट्टी मला दचकवते असं त्यांनी ठरवलं आणि दोन शिट्ट्यांत गॅस बंद करू लागल्या, त्यामुळे आम्ही महिनाभर अर्धकच्ची डाळ खाल्ली. भाजीवालीला सांगितलं, समोरच्या काकूंना सांगितलं. एक दिवस सोसायटीचा वॉचमन गेट उघडता उघडता म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ, होईल." त्या दिवशी मी तक्त्यात नऊ लिहिलं.

मग नवऱ्याच्या साहेबांच्या बायकोने एक शिबिर सुचवलं. गंगापूर रोडला लॉन्सचा हॉल, पांढरे सोफे. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही म्हणून सासूबाई सोबत आल्या. शंख वाजला, यंत्रातून धूर निघाला आणि धुरातून कॉलरला माइक लावलेले गृहस्थ बाहेर आले. ते म्हणाले, "तुमच्या गर्भाशयाला तुमचं सगळं ऐकू येतं." सासूबाईंनी माझ्या पोटाकडे पाहिलं.

नंतर डोळे मिटायला सांगितले. "आता स्वतःला विचारा, मला खरंच मूल हवंय का? कारण शरीर कधी खोटं बोलत नाही." पुढच्या रांगेतली एक मुलगी हुंदके देऊन रडायला लागली. गृहस्थ माइकवर म्हणाले, "वाहू द्या. हाच तो अडथळा होता."

मी उभी राहिले. "सर, पुरुषांचा अडथळा कुठे असतो?"

ते प्रेमळ हसले. "ताई, हा प्रश्न मनातून येतोय की अहंकारातून?"

"तिसऱ्या रांगेतून," मी म्हणाले, आणि पर्स उचलली. निघताना सासूबाईंनी त्या रडणाऱ्या मुलीच्या हातात आपला रुमाल दिला.

रिक्षात बसल्यावर मी सांगून टाकलं. "आई, तो फॉर्म मी भरणार आहे. तिसऱ्या चौकोनावर खूण करणार. नको मला हे सगळं."

रागावल्या की सासूबाई अहिराणीत जातात, तशा गेल्या. "आमना टाइमले पाप म्हनेत. आते टेन्शन म्हंतस. नाव बदलनं, बोट तठेच शे." म्हणजे, पूर्वी पाप म्हणायचे, आता टेन्शन म्हणतात, बोट दाखवायची जागा तीच. मग त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं, की माझ्या नवऱ्याचा जन्म लग्नानंतर आठव्या वर्षीचा. त्या आधीच्या सात वर्षांत त्यांना एकाही बारशाला पाळण्याजवळ उभं राहू दिलं नव्हतं.

"मग तुम्हीच सगळ्या सोसायटीला का सांगत सुटलात?" मी विचारलं.

"डॉक्टरीण बोलली ना, कमी करा. मले वाटलं सगळ्यांनी मिळून केलं तर लवकर होईल." त्या बाहेर बघत राहिल्या. "नको म्हणायचं तर म्हण. पण तुले नको म्हणून म्हण. त्या माइकवाल्यामुळे नको."

त्या रात्री मी तक्ता फ्रिजवरून काढला. नवऱ्याने हरकत घेतली नाही. पुढे मागच्या कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी झाली.

मला आता एवढंच शोधायचं होतं, की मी दमले आहे की मला खरंच नको आहे. दमलेल्या माणसाला या दोन्हींतला फरक कळत नाही. हॉस्पिटलच्या समुपदेशक बाईंना फोन केला. त्यांनी पाथर्डी फाट्याजवळच्या एका सभागृहातला सकाळचा श्वसनाचा वर्ग सुचवला. तिथे एक निवृत्त नर्स शिकवत. ना शंख, ना धूर. सतरंज्या आपापल्या आणायच्या.

मी पहिल्याच दिवशी विचारलं, "याने मूल होतं का?"

"ते मला माहीत नाही," नर्सबाई म्हणाल्या. "झोप लागेल."

त्या उत्तरावर मी नाव घातलं. माझ्यामागून सासूबाईंनीही.

शिकवणं साधं होतं. श्वास आत घ्यायचा, आणि घेतला त्याहून लांब, सावकाश बाहेर सोडायचा. मग आडवं पडून पायाच्या बोटांपासून वर एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं, तो आवळलेला असेल तर ढिला सोडायचा. पोटाशी आलं की माझं लक्ष उडी मारून पुढे जायचं. नर्सबाईंना ते कसं कळायचं कोण जाणे. "तिथं थांबा थोडं," त्या म्हणायच्या, "ते पोटच आहे, परीक्षेचा हॉल नाही." शेजारी सासूबाई मांडीच्या पुढे कधी पोचल्या नाहीत. त्या घोरायला लागायच्या.

तीन आठवडे काही झालं नाही. अशा गोष्टींचा काही उपयोग नसतो ही माझी जुनी शंका बळकट होत चालली होती. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी घरी आल्यावर लक्षात आलं, की रिक्षा हॉस्पिटलसमोरून आली होती आणि मी वळवायला सांगायचं विसरले होते.

ऑक्टोबरच्या मध्यावर सटाण्याला सासूबाईंच्या भाचीचं डोहाळजेवण होतं. मी जाऊ नये असं नवऱ्याचं मत होतं. मी गेले. आम्ही कांद्याच्या गाड्यांमागून रखडत पोचलो तेव्हा भाची हिरव्या साडीत चौरंगावर बसली होती आणि बायका तिची ओटी भरत होत्या. तिकडे रीत आहे, गर्भार बाईच्या ओटीतलं एक फळ मूल नसलेल्या बाईच्या ओटीत घालतात. हे फळ तिनं एकटीनं खायचं. मला हे ठाऊक होतं. वर्गातही सोडले नव्हते तेवढे लांब श्वास मी त्या ओसरीवर सोडले.

थोरल्या मामींनी डाळिंब उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ले वं पोरी. पण मन हलकं ठेव. आजकालच्या पोरी नोकरीचं लय टेन्शन घेतात, तिथंच घोडं अडतं. आमच्या शेजारचीनं टेन्शन सोडलं अन् महिन्यात..."

"वहिनी," सासूबाई म्हणाल्या, "फळ घाल, सल्ला ऱ्हाऊ दे."

मामींनी डाळिंब माझ्या पदरात टाकलं, जरा जोरातच. भाची खाली मान घालून हसत होती.

नाशिकला आल्यावर मी ते डाळिंब सोलून तीन वाट्यांत घातलं. सासूबाई म्हणाल्या, "अवं, एकटीनं खायचं ते."

"एकटीचं काम आहे का?" मी म्हणाले. नवऱ्याने मुकाट्याने वाटी पुढे ओढली. जरा वेळाने सासूबाईंनीही.

सोमवारी मी शब्दकोशातून फॉर्म काढला आणि दुसऱ्या चौकोनावर खूण केली. वापरायचे आहेत. आधी एकच. नर्सबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बरं. टेबलावर पाय ताठ धरू नका."

नोव्हेंबरात हॉस्पिटलात भ्रूण आत सोडताना त्या टेबलावर पडून मी छताच्या दिव्याकडे बघत पायाच्या बोटांपासून सुरुवात केली आणि पोटाशी थांबले. मग चौदा दिवस वाट. वॉचमनला कुणी काही सांगितलं नाही.

रक्ताचा रिपोर्ट सांगायला फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात होते. "ताई, निगेटिव्ह आहे," पलीकडची मुलगी म्हणाली. मी शब्दकोशांच्या मांडणीमागे गेले, जमिनीवर बसले आणि रडले. श्वास लांब बाहेर सोडला, पुन्हा रडले, पुन्हा सोडला. बराच वेळ लागला. मार्चमध्ये याच फोननंतर मी कुणाशी न बोलता घरी गेले होते. आता तोंड धुतलं आणि हॉस्पिटलला उलटा फोन केला.

"उरलेल्या एकासाठी कधी येऊ?"

"डॉक्टर म्हणतील ना ताई, एक-दोन महिने थांबा."

"थांबते. पण तारीख आज लिहून घ्या."

घरी आले तर नवरा आधीच आला होता. मी त्याला तारीख सांगितली. त्याने ती मोबाइलमध्ये नोंदवली आणि नंतर कितीतरी वेळ माझा हात सोडला नाही. डाळ पूर्ण शिजलेली होती. सासूबाईंनी ताटं वाढली, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि त्या नऊ वर्षांत पहिल्यांदाच 'होईल' म्हणाल्या नाहीत.

"सकाळी क्लास शे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

त्यांनी दोन्ही सतरंज्या दाराशी नेऊन ठेवल्या. नवऱ्याने क्षणभर बघितलं आणि उठून आतून तिसरी आणली.