गावाचं एक मत

नागपूरच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवत असे. सकाळी प्रतिनिधित्वाचे सिद्धांत, दुपारी मतांच्या आकड्यांची चिरफाड. आकडे खोटं बोलत नाहीत, असं आमचे विभागप्रमुख म्हणत. नसतील बोलत, पण ते ऐकतात तरी कुणाचं?

इंग्रजी राज्यातल्या शेवटच्या निवडणुकीनंतर विद्यार्थ्यांनी आमच्या गोंदियाकडचे आकडे मांडले. चोरखमाऱ्याच्या तलावापलीकडच्या एका गोंड गावात शेतसारा भरणारे, म्हणून मताचा हक्क असलेले, पुष्कळ होते. मत पडलं होतं एक. विभागप्रमुखांनी त्या गावापुढे ‘उदासीन’ असं लिहून टाकलं. माझं डोकंच फिरलं. जंगलात गुरं चारायची बंदी उठवीन म्हणणारा उमेदवार त्या मतदारसंघात थोडक्या मतांनी पडला होता. ज्यांची गुरं चाऱ्यावाचून मरत होती, तेच उदासीन? सुट्टी लागताच मी तिकडे गेलो.

गावचा म्हातारा पटेल, म्हणजे तिकडचा पाटील, गोठ्यापाशी बसला होता. मी विचारलं, “मत द्यायला कोणी काऊन नाही गेलं?”

“नाही कसं? मी गेलतो ना!” तो म्हणाला. “सारं गाव बसलं, बोललं, साऱ्याइचं एक झालं, मंग मले धाडलं. मोहफुलं येचाचे दिवस, सारेच कायले जातीन? पन मास्तर, सारं गाव त्याच्याच बाजूनं होतं, तरी तो पडला काऊन?”

त्यांची रीतच तशी. लग्न असो की तंटा, सगळ्यांचं जुळेपर्यंत कुणी उठायचं नाही. जुळलं की एकाच्या तोंडून गाव बोलतं. लोकसंमतीवर मी तासन्‌तास घसा कोरडा करायचो, ती इथं चुलीइतकी रोजची होती.

मी सांगितलं, तुमचं एकच मत मोजलं गेलं. सगळे गेले असते तर तो निवडून आला असता.

म्हातारा बरगड्या निघालेल्या बैलाकडे बघत राहिला. “म्हन्जे गावानं मले धाडलं, अन् मीच गावाले बुडवलं.”

“तसं नाही, बाबा,” मी म्हणालो. एवढी पुस्तकं शिकवली, सगळी पाण्यात.

पुढच्या सुट्टीत गेलो तेव्हा कळलं, म्हाताऱ्यानं बैठकीला येणं बंद केलं होतं. त्याच्यावाचून गाव बसत नाही, म्हणून आता गाव बसतच नव्हतं. निवडणुकीचा विषय काढला तर माणसं उठून आपापल्या कामाला लागली.

कॉलेजात त्या गावापुढचा ‘उदासीन’ हा शब्द तसाच होता. आता तो खोडायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.