कांताबाईंचं फूलखातं

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत कांताबाई तांबे यांच्याइतकी जलद गाठ मारणारं माणूस दुसरं नव्हतं. ही गोष्ट कुणाच्या लक्षातून जाण्याची भीती नव्हती, कारण कांताबाई ती स्वतःच रोज सांगत. गिरणीच्या वायंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यात, बावीस वर्षं काढलेली बाई. फिरत्या कोनावर सूत तुटलं की दोन टोकं चिमटीत धरायची, आणि बघणाऱ्याची पापणी लवेपर्यंत गाठ मारून मोकळी व्हायची. पगाराच्या दिवशी मात्र हीच बोटं शाईच्या डबीशी अडखळत. कांताबाई अंगठा उठवायच्या आणि मग तो अंगठा दिवसभर पदरात लपवायच्या.

संप झाला, भोंगा थांबला आणि या बोटांना काही उद्योग राहिला नाही. मग दिसेल त्याला गाठी पडू लागल्या. कपडे वाळत घालायच्या दोरीला, पडद्याच्या दशांना, नवऱ्याच्या लेंग्याच्या नाडीला. शेजारच्या आठ वर्षांच्या आम्रपालीच्या वेण्यांना त्यांनी एकदा अशी रिबीन बांधली, की संध्याकाळी ती कात्रीनं कापून काढावी लागली.

"अगं, गिरणीवाले हरतील तेव्हा हरतील," त्यांचा नवरा रामजी नाडीशी झुंजत म्हणाला, "मी आधी हरलो."

त्र्याऐंशीचा एप्रिल उजाडला तेव्हा संपाला सव्वा वर्ष होत आलं होतं. अर्धी चाळ गावी गेली होती. जयंती तोंडावर आली, पण यंदा वर्गणी मागायला कुणाची जीभ रेटेना. दरवर्षी बाबासाहेबांच्या मोठ्या तसबिरीला दादरच्या बाजारातून माणसाएवढा हार येई. मंडळाचे चिटणीस शामराव बैठकीत घसा खाकरून म्हणाले, "यंदा छोटा हार आणू. परिस्थिती बघता..."

"परिस्थिती आमची झाली. बाबासाहेबांची न्हाय," मागून कांताबाई उठल्या. "माणसाएवढाच हार हुईल. कागदाचा. मी करते आणि चाळीची पोरं करतील."

शामराव पोस्टात कारकून. चाळीतला सगळ्यात शिकलेला माणूस, आणि हीही गोष्ट विसरू न देण्याची काळजी घेणारा. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "तेरा तारखेला दुपारी बघून घेईन. पसंत पडला तरच चढेल."

"बघा की. भिंग घेऊन बघा."

झालं. दुसऱ्या दिवसापासून पॅसेजमध्ये फूलखातं सुरू झालं. वीस-पंचवीस पोरं, सगळ्यांच्या परीक्षा नुकत्याच उरकलेल्या. कांताबाईंनी खात्याची रीतसर वाटणी केली. थोरांनी रद्दी कापायची. मधल्यांनी कापलेल्या पट्ट्या लाटण्यावर गुंडाळून पाकळ्यांना बाक आणायचा. धाकट्यांनी मैद्याची खळ लावायची, आणि शक्यतो खायची नाही. देठाला खराट्याचे हीर, रंगाला कपड्यांची नीळ, बांधायला पोत्याच्या तोंडची उसवलेली शिवण. रामजीला भोंगा नेमलं. सकाळी नऊ वाजता तो पॅसेजच्या टोकाला उभा राहून तोंडानं "भोंऽऽ" करी, आणि संपावरचा माणूस इतक्या आनंदानं कामाची वेळ जाहीर करतो हे बघून चाळ हसून लोळे.

रद्दी सलूनमधून आली, इराण्याकडून आली, मास्तरांकडून आली. कांताबाईंचा नियम एकच, पण कडक. ज्या पानावर बाबासाहेबांचा किंवा बुद्धाचा फोटो असेल त्याला कात्री लावायची नाही. आता एप्रिल महिन्यात बाबासाहेबांचा फोटो नाही असं पान सापडणंच मुश्कील. राखून ठेवलेल्या पानांचा गठ्ठा फळीवर छताला टेकला आणि खाली फुलं मात्र टोपलीभरच.

"मावशी, यात मंत्र्याचा फोटो आहे," एक पोरगं ओरडे.

"काप!"

तरी तेरा तारखेच्या सकाळपर्यंत हार झाला. निळाशार, तीनशे फुलांचा, आणि प्रत्येक फुलाला वायंडिंगची गाठ. कांताबाईंनी तो दोन खिळ्यांवर लटकवला, दहा पावलं मागं जाऊन बघितला आणि पोरांना म्हणाल्या, "मिलमध्ये असता तर एकेकाला पर्मनंट केलं असतं."

दुपारी शामराव आले. खरोखर भिंग घेऊन आले. हाराची लांबी बघितली, मान हलवली. गाठी ओढून बघितल्या, मान आणखी हलवली. मग मधल्या मोठ्या फुलाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"कांताबाई, हे काय?"

"फूल."

"पाकळीवर काय आहे? नीळ लावली म्हणून अक्षर पुसतं का? ऐका. 'मेष रास. मंगळ वक्री. शनिवारी तेल वाहावे.'" शामरावांचा आवाज चढला. "राशिभविष्य! बाबासाहेबांच्या गळ्यात शनी-मंगळ घालता? बावीस प्रतिज्ञा आपण कशाला घेतल्या?"

सगळी पोरं कांताबाईंकडे बघू लागली. मोठं फूल त्यांनी स्वतः कापलं होतं, पानावर फोटो नाही याची तीनदा खात्री करून. त्यांनी पाकळी हातात घेतली. मुंग्यांच्या रांगेसारखं काहीतरी त्यावर होतं. अंगठा आपोआप पदराखाली गेला.

"मला वाचता येत न्हाय, शामराव," त्या म्हणाल्या. बावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कधी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं.

शामराव वरमले. पण चिटणीस तो चिटणीस. "मग छोटा हार सांगून येतो दादरला," ते हळूच म्हणाले.

"थांबा!" पदराखालचा अंगठा बाहेर आला. "मिलमध्ये माल डॅमेज निघाला तर मिल जाळत न्हाईत. तपासतात. संध्याकाळपर्यंत वेळ द्या. आम्रपाली, वाच गं!"

समोरचे दोन दात पडलेली आम्रपाली पहिलं फूल धरून वाचू लागली. मग बाकीचीही. चाळीत त्या दुपारी जे वाचन झालं तसं शाळेतही कधी झालं नसेल. "साखर महागली!" "ठेवा!" "वृषभ रास!" "फेका!" "हरवला आहे, रंग सावळा!" "ठेवा, सापडंल बिचारा!" "खरजेवर जालीम मलम!" "फेक, फेक, हात धू!"

तीनशेतली ब्याण्णव फुलं बाद झाली. हाराला भगदाड पडलं आणि रद्दी संपलेली. राहिली ती फळीवरची, फोटोंची. तिला हात लावायचा नव्हता.

आम्रपाली उठून घरात गेली आणि आपली दुसरीची वही घेऊन आली. "मावशी, ही चालेल? परीक्षा झाली. आता लागत नाही."

कांताबाईंनी पान उलटलं. निळ्या रेघांवर पेन्सिलीचे पाढे, बाजूला मास्तरांच्या लाल खुणा. "यात काय लिवलंय?"

"सात सक बेचाळीस."

"शनी-मंगळ?"

"नाही गं!"

मग घराघरांतून वह्या निघाल्या. संध्याकाळी शामराव परतले तेव्हा निळ्या फुलांच्या मधोमध पांढरी फुलं होती. ते भिंग घेऊन वाचत सुटले. पाढे, शुद्धलेखन, 'माझी शाळा'. एका पाकळीशी थांबले. "सात आठे चोपन्न? हे चूक आहे."

"असू द्या," कांताबाई म्हणाल्या. "बाबासायेब रागावनार न्हाईत. पुढच्या वर्षी छप्पन करंल."

शामरावांनी भिंग खिशात घातलं, चष्मा काढला आणि ते तो बराच वेळ पुसत बसले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी हार चढला. दादरहून छोटा हार आलाच नाही.

पुढे गिरणीनं कांताबाईंना परत घेतलं नाही. करी रोडला टॉवर उठले, भोंग्याचा रामजी गेला. पण जयंतीचा हार अजून वापरलेल्या वह्यांचाच होतो, आणि चाळीतलं एकही पोर वही रद्दीत जाऊ देत नाही. आम्रपाली महापालिकेच्या शाळेत शिक्षिका झाली. पहिली विद्यार्थिनी मात्र तिला त्याच एप्रिलमध्ये मिळाली होती. त्या विद्यार्थिनीनं तीन वर्षांत बाराखडी, पाढे आणि शेवटी सगळं वर्तमानपत्र पार केलं. राशिभविष्य सोडून.

आता ऐंशीच्या घरातल्या कांताबाई जाड चष्मा लावून पॅसेजमध्ये बसतात. त्यांनी स्वतः वाचल्याशिवाय एकही पाकळी पुढे जात नाही. परवा निवृत्त शामराव काठी टेकत आले आणि मंडळाच्या जुन्या इतिवृत्ताचं एक पान पुढे करून म्हणाले, "यंदा माझंही एक फूल होऊ दे. माझ्या हातचं आहे."

कांताबाईंनी पान हातात घेतलं. पहिली ओळ वाचली, दुसरीशी अडल्या, पान उलटंसुलटं केलं.

"शामराव, हे अक्षर हाय की गुंता?" त्या म्हणाल्या. "त्या मेष राशीवाल्याचं तरी बरं होतं. जावा, नीट लिवून आणा. तेरा तारखेला दुपारी बघून घेईन."