नूरुद्दीनचं खलास

नूरुद्दीन परकारच्या इकाम्यावर, म्हणजे सौदीतल्या रहिवासी परवान्यावर, धंदा लिहिलाय ‘सुतार’. चोवीस वर्षांत त्याने साधा खिळा ठोकलेला नाही. रियाधच्या अल सुलैमध्ये, गोदामांच्या गर्दीत एक मिठाईचा कारखाना आहे, तिथे तो मामूल करतो. मामूल म्हणजे रवा-तुपाची, पोटात खजूर किंवा अक्रोड भरलेली, लाकडी साच्यात दाबून काढलेली मिठाई. कफिलाला, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या सौदी मालकाला, त्या साली सुताराचाच व्हिसा मिळाला, त्याला नूरुद्दीन तरी काय करणार? हर्णैच्या माणसाला समुद्रावरून उचलून वाळवंटात आणून ठेवल्यावर सुतार काय नि हलवाई काय.

कारखान्याचा उस्ताद इलियास. त्याला सगळे मुअल्लिम म्हणत. लेबनॉनचा, झहले शहराजवळच्या एका गावचा, ख्रिस्ती, तेव्हा पन्नाशीचा आणि आवाजाने अख्खं गोदाम हलवणारा. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, “खजूर कोणता शिल्लक आहे?” नूरुद्दीनने कोठारात डोकावून पाहिलं. कोठार रिकामं. “खलास,” तो म्हणाला. मुअल्लिमचा चेहरा उजळला आणि त्याने तिथल्या तिथे दोनशे किलो मामूलची ऑर्डर घेऊन टाकली. सौदीतल्याच हुफूफच्या सगळ्यात गोड खजुराचं नावही ‘खलास’च आहे, हे नूरुद्दीनच्या बापजन्मी कुणी त्याला सांगितलं नव्हतं. दुपारी कोठार उघडल्यावर जे काही झालं ते सगळं अरबीत झालं, म्हणून निदान त्याला कळलं तरी नाही.

पण त्याच दिवसापासून दोघांचं जमलं. मळता मळता मुअल्लिम आपल्या देशाची गोष्ट सांगायचा.

“केवढा आहे आमचा देश? तुझ्या रत्नागिरीहून जेमतेम मोठा. आणि त्यात अठरा पंथ! फ्रेंच गेले तेव्हा आमच्या मोठ्यांनी वाटून घेतलं. राष्ट्राध्यक्ष मारोनी ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा सभापती शिया.”

“आणि तुम्ही?”

“मी मारोनी नाही. आमच्यात ख्रिस्तीसुद्धा दहा-बारा तऱ्हेचे. माझ्या वाट्याला मामूल आलं.”

“मग कोण किती आहेत ते एकदा मोजून टाकायचं ना, मुअल्लिम.”

“मोजलं होतं. एकोणीसशे बत्तीस साली. त्यानंतर कुणाची हिंमत झाली नाही.”

नूरुद्दीन पोट धरून हसला. त्याच्या गावच्या जमातीत अध्यक्ष वरच्या मोहल्ल्याचा, सेक्रेटरी खालच्या मोहल्ल्याचा, आणि लाउडस्पीकरची किल्ली कुणाकडे राहावी यावरून दोन वर्षं अबोला. लेबनॉन त्याला एकदम घरचं वाटायला लागलं. पुढे पंधरा वर्षांच्या यादवीची गोष्ट आली तेव्हा मात्र तो हसला नाही. त्या युद्धावरचा समझोता इथे, सौदीतल्या ताइफला झाला, हे कळल्यापासून मक्केला उमरा करून येताना बस ताइफवरून गेली की तो शेजारच्या सीटवाल्याला उठवून ते सांगतो. शेजारचा झोपलेला असला तरी सांगतो.

या सगळ्या गोष्टींचा पुरावा कारखान्यातच खिळ्याला टांगलेला होता. मुअल्लिमच्या आजीचा अक्रोडाच्या लाकडाचा साचा. तो त्याला कालिब म्हणायचा. कोरला डोंगरातल्या द्रूझ पंथाच्या एका सुताराने. ईस्टरला तो आजीच्या घरी चालायचा आणि ईद आली की भिंतीवरून शेजारच्या शिया बाईंकडे जायचा. आत सारण तेच, साखर तीच. नूरुद्दीनच्या घरची ईदची करंजी आणि शेजारच्या गुरवांची दिवाळीची करंजी यांत तरी दुसरा काय फरक? यादवीत दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. मुअल्लिम सांगायचा, “सहा वर्षं बोलणं बंद, पण कालिब चालू.”

त्या कालिबला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा कारखान्याचा कायदा होता. बाकीच्यांना प्लास्टिकचे साचे. लाकडी साच्यातून मामूल एका ठोक्यात सुटलं पाहिजे; दुसरा ठोका पडला की नक्षी तुटते. नूरुद्दीनने चोवीस वर्षांत तीनदा परवानगी मागितली आणि तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं. “तुझा दोन ठोक्यांचा हात आहे, सुतार.”

दोन हजार चोवीसच्या ऑगस्टमध्ये मुअल्लिम छप्पर दुरुस्त करायला म्हणून गावी गेला आणि सप्टेंबरात तिथे युद्ध भडकलं. आधी रोज फोन यायचा. शेजारच्या शिया बाईंच्या नातीचं, अदिबाचं, गाव बॉम्बमध्ये सापडलं होतं, म्हणून ती सगळं कुटुंब घेऊन इलियासच्या घरी राहायला आली होती. “अकरा माणसं आहेत घरात,” मुअल्लिम ओरडून सांगायचा, “आणि एकालाही मामूल दाबता येत नाही!” मग त्याचा फोन लागेनासा झाला. नऊ दिवस. सख्ख्या भावासाठी नूरुद्दीनने एवढी दुआ मागितली नव्हती, आणि हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं.

सत्तावीस नोव्हेंबरला पहाटे फजरची नमाज आटपून तो भट्टीवर आला आणि फोन वाजला. अदिबाचा आवाज होता, रेकॉर्ड करून पाठवलेला. मागे गलका, आणि ती हमसून हमसून रडत होती. “अम्मो नूर... अम्मो इलियास... खलास! खलास!” नूरकाका, इलियासकाका, एवढंच. पुढे तुटलं.

चोवीस वर्षं अरबी बोललेला माणूस, पण घाबरला की आईच्याच भाषेत ऐकतो. हर्णैत माणूस खलास झाला म्हणजे एकच अर्थ. नूरुद्दीन रव्याच्या पोत्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मग उठला. मुअल्लिमच्या धर्मात मेलेल्यासाठी काय करतात ते त्याला माहीत नव्हतं. आपल्यात करतात तसं त्याने फातिहा पढला आणि आता माणसाच्या नावाने काहीतरी वाटलं पाहिजे, असं ठरवलं. हात धुतले आणि खिळ्यावरचा कालिब काढला. हुफूफच्या खलासची पेटी फोडली. पहिलं मामूल दाबलं, टेबलाच्या कडेवर ठोकलं. टक्! मामूल हातात. अख्खं, एकही रेघ न मोडता. तो बघतच राहिला. दुसरंही तसंच, तिसरंही. दुपारपर्यंत चारशे मामूल झाली आणि ठोके चारशेच.

दुपार कलल्यावर, अस्रची नमाज झाली तशी त्याने आजूबाजूच्या गोदामांत ट्रे फिरवले. “मुअल्लिमच्या नावाचं आहे, खा.” एका ड्रायव्हरने मामूल तोंडात टाकत सांगितलं, “ऐकलंस ना? आज पहाटेपासून लेबनॉनमधलं युद्ध थांबलं.” नूरुद्दीनला आणखीच भडभडून आलं. एक दिवस आधी थांबलं असतं तर!

रिकामे ट्रे घेऊन परतल्यावर त्याने गावी बायकोला फोन लावला. रईसा एकदा सहा महिने व्हिजिटवर रियाधला राहून गेलेली, आणि नवऱ्यापेक्षा जास्त शहाणी.

“कोण बोलला तुम्हाला, मुअल्लिम गेला म्हणून?”

“ती पोर बोलली. खलास.”

“अवो, खलास ना? ते तर आरब लोक जेवून हात धुतले तरी बोलतात! नीट ऐकलाव काय तुम्ही? परत ऐका.”

नूरुद्दीनने परत ऐकलं. आता मागचा गलका वेगळा वाटला. त्यात गाड्यांचे हॉर्न होते, टाळ्या होत्या, कुणीतरी हसत होतं. अम्मो इलियासला सांगायला धावत जाता जाता पोरगी यालाही सांगत होती, की संपलं एकदाचं. त्याने अदिबाला व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर पांढऱ्या मिश्या आल्या. “काय रे सुतार, रडतोस का? माझा फोन त्या छपरावरून पडून फुटला, मी नाही पडलो!”

नूरुद्दीन रडत होता, हसत होता, आणि या सगळ्यात तो टेबलावर उरलेली चार मामूल लपवायचं विसरून गेला.

मुअल्लिमचे डोळे बारीक झाले. “कालिब कुणी काढला?”

“मी.” आता लपवण्यात अर्थ नव्हता. “तुम्ही गेलात असं वाटलं. तुमच्या नावाने चारशे केली, वाटली.”

“माझ्या मयताची?” तिकडे अकरा माणसांचं हसू फुटलं. मुअल्लिम मात्र हसला नाही. “फोन जवळ धर. आणखी जवळ.” त्याने नक्षी नीट पाहिली, एकेक कड पाहिली. “किती ठोके?”

“एक.”

“चारशेच्या चारशे?”

“चारशेच्या चारशे.”

मुअल्लिमने मिशीवरून हात फिरवला. “मी पुढच्या महिन्यात येतो. माझ्या मयताची चार ठेव, मला चाखायची आहेत. आणि तो कालिब आता खिळ्याला टांगू नकोस. तो तुझा. खलास.”

या खेपेला नूरुद्दीनला बरोबर ऐकू आलं.