वीस लिटर जास्तीचे

आमचे हे पॉवर हाऊसमध्ये इंजिन ऑपरेटर. एकोणतीस वर्षं झाली. आमच्या ह्या बेटावर तेलाचा थेंब निघत नाही, सगळं डिझेल जहाजातून येतं. जहाज लांबलं की गाव अंधारात! पण दवाखान्यातले दिवे कधी गेले नाहीत. कसे, ते फक्त ह्यांना आणि मला ठाऊक.

हे रोज लॉगबुकात वीस लिटर जास्त जळाल्याचं लिहायचे. ते वीस लिटर मागच्या शेडमधल्या पिंपात. जहाज आलं नाही की तेच घालून दवाखान्यापुरतं लहान इंजिन चालवायचे. कुणी विचारलंच तर, "टाकीच्या तळाशी होतं." मी कितीदा डोकं आपटलं, "अहो, वरून परवानगी घ्या!" तर म्हणे, "परवानगी येईपर्यंत माणूस मरतो."

यंदा वरून एक इंजिनिअर पोरगी आली. गावाबाहेर पवनचक्क्या आणि सोलर पॅनेल उभारायची, बॅटऱ्या ठेवायच्या, इंजिनं ठेवायची की नाही ते हिशोबाने ठरणार. हिशोब कशावरून? ह्यांच्याच लॉगबुकावरून! तिने सहा वर्षांची पानं उलटली आणि म्हणाली, "काका, एका युनिटला किती डिझेल पितात हो ही इंजिनं! बंदच करावी लागतील."

बारा माणसांची नोकरी. हे घरी आले आणि जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"मी लिहिलेल्या आकड्यांनी हाताखालच्या पोरांच्या पोटावर पाय दिला गं," म्हणाले. "जाऊन खरं सांगतो."

"वेडबिड लागलंय का? पेन्शनला चौदा महिने राहिलेत! डिझेलचोर म्हणून काढतील तुम्हाला. तोंड शिवून बसा!"

मी रडले, पाया पडले, भांडले. ऐकतील तर ते हे कसले! सकाळी उठून गेले आणि तिला सगळं सांगितलं.

पोरगी भली होती. तिथल्या तिथे वीस लिटर वजा करून पुन्हा हिशोब मांडला. मग मान खाली घालून म्हणाली, "काका, हे वजा केलं तरी ऊन-वाऱ्याची वीज निम्म्या खर्चात पडते. जहाजाचं भाडंच परवडत नाही आपल्याला. तुम्ही सांगितलं नसतं तरी हेच झालं असतं. आता मात्र मला हे वर कळवावं लागेल."

म्हणजे कुणाचीच नोकरी वाचली नाही. आमचं होतं तेही गेलं.

चौकशीच्या दिवशी मी डबा घेऊन फाटकाशी उभी होते. शेडमधून सात पिंपं गडगडत बाहेर आणली. ज्या अकरा जणांसाठी हे बोलले, ते रांगेने बघत होते. त्यातला फिटर, ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला, म्हणाला, "वा काका, एकट्यानेच खाल्लंत? आमचा वाटा कुठाय?" सगळे खदाखदा हसले. इंजिनाशेजारी राहून ह्यांचे कान अधू झालेत, जवळून मोठ्याने बोललं तरच ऐकू येतं. सगळे हसतायत म्हणून हेही हसले.

घरी येताना मला विचारलं, "तो फिटर काय म्हणाला गं?"

कानाशी तोंड नेऊन भर रस्त्यात ओरडून सांगितलं, "म्हणाला, काकांनी आमच्यासाठी फार केलं!"

"पोरगा गुणी आहे," हे म्हणाले आणि माझ्या हातातला डबा स्वतःकडे घेतला.