लय बुटकी गाडी

इस्लामपुरात आमच्या समोर राहणारे रिटायर्ड फौजी भेटले की एकच विषय काढतात. बाजारात स्वस्तातली, हलकी, दोन दारांची स्पोर्ट्स गाडी येणार आहे. "लय बुटकी हाय, रस्त्याला चिकटून पळती!" म्हणत लंगडा पाय थोपटतात. तो पाय एका सुसाट मोटारसायकलनं मोडला. मग नगरपालिकेशी भांडून त्यांनीच दारासमोर स्पीडब्रेकर करून घेतला.

काल सकाळी बघतो तर काय, तोच स्पीडब्रेकर ते पहारीनं फोडत होते! मी ओरडलोच, "आवं, हे काय चाललंय?"

"गाडीचं पोट घासंल की."

"पण गाडी कुठाय?"

"यायची हाय अजून."

पहार टाकून त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"मला जरा पलीकडं सोड गड्या. हितनं गाड्या लय जोरात जात्यात."